बोरिंगचे गोड पाणी आणि पिवळे दात

पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, असे आपण सर्वांनी प्राथमिक शाळेत घोकले आहे. परीक्षेपुरते ते ठीक होते. पण आपल्या आजीला विचारले असते तर तिने हे उत्तर मान्य केले नसते. गावातल्या कोणत्या विहिरीचे पाणी गोड, कोणत्या विहिरीचे मचूळ, कोणत्या पाण्यात तुरीची डाळ शिजते आणि कोणत्या पाण्यात दोन तास उकळूनही टणक राहते, हे तिला तोंडपाठ होते. पुस्तकातले पाणी आणि आजीचे पाणी यांत फरक एवढाच की, पुस्तकातले पाणी निव्वळ पाणी आहे आणि आजीच्या गुंडातल्या पाण्यात जमिनीतले काहीतरी विरघळलेले आहे. आजचा लेख या ‘काहीतरी’विषयी आहे.

पाण्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे विरघळविण्याची शक्ती. साखर, मीठ, सोडा, तुरटी अशा जितक्या निरनिराळ्या वस्तू पाणी आपल्यात सामावून घेते तितक्या दुसरा कोणताही नेहमीचा द्रव घेत नाही. कारण पाण्याच्या रेणूच्या घडणीत आहे. ऑक्सिजनचा एक अणू आणि त्याला तिरकस चिकटलेले हायड्रोजनचे दोन अणू, अशी ही घडण. त्यामुळे रेणूची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन विद्युतभाराची होते. मिठाचा खडा पाण्यात टाकला की हे रेणू दोन्ही बाजूंनी त्याला चिकटतात, ओढतात आणि कण कण सुटा करून घेऊन जातात. आपले रक्त हे मुख्यतः असेच पाणी आहे. प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा, नवजात बाळात तर सुमारे ७५ टक्के. साखर, क्षार, औषधे सारे त्यातूनच पेशींपर्यंत पोचते आणि नको असलेले त्यातूनच मूत्रपिंडाकडे जाते. पाण्यात ही शक्ती नसती तर जीवसृष्टी नसती. मात्र पाण्याला चांगले-वाईट कळत नाही. ज्या खडकातून ते झिरपते त्या खडकात जे असेल ते उचलते आणि आपल्या पेल्यात आणून ठेवते.

आता हे पाणी आहे किती आणि कुठे, ते पाहू. पृथ्वीवरचे सगळे पाणी १०० लिटरच्या एका ड्रममध्ये भरले आहे असे समजा. त्यातले साडेसत्त्याण्णव लिटर खारे, समुद्राचे. उरले अडीच लिटर. त्यातले सुमारे पावणेदोन लिटर ध्रुवप्रदेशात आणि उंच पर्वतांवर बर्फ होऊन बसलेले. सुमारे पाऊण लिटर जमिनीच्या पोटात. आणि जगातल्या सगळ्या गोड्या पाण्याच्या नद्या, सरोवरे, तळी मिळून किती? जेमतेम दीड चमचा. नुसत्या नद्या म्हणाल तर तीन-चार थेंब. त्या थेंबांत गंगा आली, ॲमेझॉन आली आणि आपली वैनगंगाही आली.

या वाटपात चंद्रपूर-गडचिरोली हे दोन जिल्हे गरीब आहेत असे कोणी म्हणणार नाही. वर्षाला सरासरी १२०० ते १५०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे पडतो. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ मिळून प्राणहिता होतात, ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते, पुढे सोमनूरला इंद्रावती येते. शिवाय गोंड राजांच्या आणि मालगुजारांच्या काळातले तलाव आहेत, धानाच्या बांध्यांना लागून बोड्या आहेत. बाहेरगावचा पाहुणा जुलैत आला तर म्हणेल, तुम्हाला पाण्याची काय कमी? तोच पाहुणा मे महिन्यात आला, पारा ४६-४७ अंशांवर आहे, बोडी तडकली आहे आणि बायका नाल्याच्या रेतीत झिरा उकरून वाटीवाटीने गुंड भरत आहेत असे त्याने पाहिले, तर तो हा प्रश्न विचारणार नाही. पाऊस चार महिन्यांत येतो आणि वाहून जातो. उरलेले आठ महिने आपली भिस्त त्या जमिनीच्या पोटातल्या पाण्यावर.

पूर्वी हे पाणी उघड्या विहिरीतून यायचे. विहीर वीस-तीस फूट खोल, पाणी त्या वर्षी किंवा आदल्या वर्षी मुरलेले. त्यात खडकातले क्षार थोडे असत, पण जंतू पुष्कळ. ज्यांनी पायऱ्यांच्या विहिरी पाहिल्या आहेत त्यांना नारूही आठवत असेल. पायातून हातभर लांबीचा दोऱ्यासारखा कृमी बाहेर येई आणि माणूस पेरणीच्या दिवसांत आडवा पडे. सत्तरच्या दशकात दुष्काळ पडले, खोदाईची यंत्रे आली आणि युनिसेफच्या मदतीने तयार झालेला ‘इंडिया मार्क टू’ हातपंप खेडोपाडी बसला. झाकलेले, खोल, स्वच्छ पाणी मिळू लागले. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. हगवणीच्या साथींत माणसे मरत, तेही पुष्कळ कमी झाले. हातपंपाचे हे उपकार विसरून चालणार नाही. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणी पुन्हा उघड्या नाल्याचे पाणी न उकळता पिऊ लागला, तर हा लेख लिहिला नसता तर बरे झाले असते असेच मी म्हणेन.

पण खोल पाणी म्हणजे जुने पाणी. ते खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षे बसलेले असते. जितका सहवास अधिक तितके विरघळणे अधिक. आपल्या भागाची जमीन एकसारखी नाही. वर्धेच्या खोऱ्यात कोळशाचे थर, कोरपना-राजुऱ्याकडे चुनखडी (म्हणून तर सिमेंटचे कारखाने तिथे आले), पश्चिमेला काही भागात काळा बेसाल्ट आणि पूर्वेला थेट छत्तीसगडपर्यंत ग्रॅनाइटच्या जातीचे फार प्राचीन खडक. या प्राचीन खडकांतल्या अभ्रकासारख्या खनिजांत, ॲपेटाइटमध्ये आणि फ्लोराइट नावाच्या खनिजात फ्लोरिन असते. पाण्यात उतरले की त्याला आपण फ्लोराईड म्हणतो. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराईडला धरून ठेवते, खाली बसवते. कॅल्शियम कमी आणि सोड्याचा अंश जास्त असेल तर फ्लोराईड मोकळे राहते. म्हणजे गंमत पाहा, ज्या पाण्यात साबणाला फेस चांगला येतो आणि डाळ लवकर शिजते, असे ‘हलके’ आणि गोड पाणीच बहुधा फ्लोराईडचे असते. आजीची परीक्षा इथे चुकते. तिच्या काळी एवढ्या खोलीचे पाणी कोणी प्यायलेच नव्हते, तेव्हा तिला दोष देण्याचे कारण नाही.

याच्या उलट प्रकार लोखंडाचा. गडचिरोलीतल्या कित्येक हातपंपांचे पाणी गुंडात ठेवले की तासाभरात तांबूस होते, वर तवंग येतो, भात पिवळा पडतो. लोक म्हणतात, हे पाणी खराब, आणि नाल्यावर जातात. वास्तविक असे तांबूस पाणी रात्रभर ठेवून, वाळूतून किंवा दुहेरी फडक्यातून गाळून घेतले तर बहुतेक लोह निघून जाते, आणि जे राहते त्याने सहसा अपाय होत नाही. जे दिसते त्याला आपण भितो. फ्लोराईडला मात्र रंग, वास, चव खरोखरीच नाही.

फ्लोराईड हे काही सरसकट विष नव्हे. अगदी थोडे असेल तर दातांना कीड कमी लागते. अमेरिकेत कोलोरॅडोमधील दंतवैद्यांनी गावातल्या मुलांच्या दातांवरचे तपकिरी डाग पाहून तीस वर्षे कारण शोधले आणि १९३१ साली ते पाण्यातले फ्लोराईड निघाले. आपल्या देशात हाडांच्या आजाराची नोंद १९३७ मध्ये त्या वेळच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून झाली. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालते. दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर जास्तीत जास्त दीड. आपल्याकडे वरोरा, राजुरा, चिमूर अशा तालुक्यांतल्या काही गावांत आणि वर्धेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातही या मर्यादेपेक्षा जास्त फ्लोराईड सापडले आहे. सगळ्या गावांत नाही आणि एका गावातल्या सगळ्या बोरिंगांतही नाही. शाळेजवळच्या हातपंपात तीन मिलिग्रॅम आणि दोनशे पावलांवरच्या विहिरीत अर्धा, असेही असते. हे नीट लक्षात ठेवावे; पुढे उपयोगी पडेल.

आधी दातांविषयी. मागे एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीला तिची आई दवाखान्यात घेऊन आली. तक्रार तापाची होती. तपासताना मी ‘आ कर’ म्हटले तर मुलीने तोंडावर हात ठेवला. शाळेत तिला खर्रा खातेस का म्हणून रागावले गेले होते, आणि तेव्हापासून ती हसताना, बोलताना तोंड झाकत होती. पोर खर्ऱ्याला शिवलीही नव्हती. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत खर्रा इतका बोकाळला आहे की पिवळा दात दिसला की मास्तर, शेजारी आणि कधी कधी आम्ही डॉक्टर मंडळीही तेच समजतो. फरक ओळखणे सोपे आहे. तंबाखूचा डाग दाताच्या वर चढलेला असतो, हिरडीच्या कडेला आणि आतल्या बाजूला जास्त, आणि दंतवैद्याने साफ केला की निघतो. फ्लोराईडचा डाग दाताच्या कवचातच असतो. तो पांढुरक्या खडूसारखा किंवा पिवळट-तपकिरी, आडव्या पट्ट्यांचा, आणि डावी-उजवी दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखाच दिसतो. घासून जात नाही. कारण कायमच्या दातांचे कवच जन्मापासून आठ वर्षांपर्यंत हिरडीच्या आत तयार होत असते, आणि त्या काळात प्यायलेल्या पाण्याने हा डाग आतच पडतो. दात उगवतो तोच डागाळलेला. आठ वर्षांनंतर त्या गावात राहायला आलेल्या माणसाच्या दातांवर डाग पडत नाहीत, म्हणून बाहेरून लग्न होऊन आलेल्या सुनेचे दात पांढरे आणि तिच्याच मुलांचे पिवळे, असे चित्र दिसते. ज्या गावच्या मुली लग्नाच्या वयात हसायला लाजतात त्या गावचे पाणी तपासावे.

दात हा केवळ इशारा आहे. खरा घाला हाडांवर. शरीरात शिरलेल्या फ्लोराईडपैकी काही लघवीवाटे जाते, बाकीचे बहुतांशी हाडांत साठते. दहा-वीस वर्षे काहीच कळत नाही. मग मान, कंबर, गुडघे धरू लागतात. माणूस म्हणतो वात आहे. गोळ्या होतात, सुया होतात, तेल चोळून होते, कोणी जडीबुटी देतो. सूज नाही, ताप नाही, रक्तात काही सापडत नाही. पंचेचाळिशीचा एक शेतमजूर मला म्हणाला, “डॉक्टरसाहेब, दुखणं त दुखणं, पण मान वर करून आभाळ पाहाले होत नाही जी.” पाऊस कधी येईल ते त्याला आभाळ बघून ठरवायचे होते. त्याच्या मणक्याचे सांधे एकमेकांना धरून बसले होते, आणि ते सोडवणारे औषध आजही कोणाकडे नाही. लहान मुलांत, विशेषतः ज्यांच्या आहारात दूध-भाजी नाही त्यांच्यात, गुडघे आत वळतात आणि चाल बिघडते.

घरी करून पाहण्यासारख्या तीन सोप्या चाचण्या आहेत. गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरता येतात का? हनुवटी छातीला टेकते का? दोन्ही हात वर नेऊन मानेमागे बोटे गुंफता येतात का? तीनही जमत नसतील तर फ्लोराईडच आहे असे नाही. संधिवातानेही असे होते, वयानेही होते. पण एकाच वस्तीतल्या, एकाच बोरिंगचे पाणी पिणाऱ्या चाळिशीच्या पाच-सहा जणांना जमत नसेल तर त्याला वय म्हणू नये.

आता पाण्याचा दुसरा एक गुण इथे आड येतो, तोही सांगितला पाहिजे. पाण्याची वाफ व्हायला फार उष्णता लागते. एक लिटर घाम अंगावर पूर्ण सुकला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो; साडेपाच लिटरहून जास्त बर्फगार पाणी उकळायला लावील एवढी. चंद्रपूरच्या उन्हात माणूस उभा राहू शकतो तो याच्या जोरावर. पण गेलेला घाम भरून काढायला पाणी प्यावे लागते. पंख्याखाली बसलेला मनुष्य दिवसाला दोन-तीन लिटर पितो; तेंदूपत्ता तोडणारी बाई, वीटभट्टीवरचा किंवा धानाच्या रोवणीतला मजूर सहा ते आठ लिटर पितो. लिटरला तीन मिलिग्रॅमचे पाणी असेल तर पहिल्याच्या पोटात सहा ते नऊ मिलिग्रॅम, दुसऱ्याच्या अठरा ते चोवीस. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रोज एकूण ६ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड गेले की हाडांचा धोका वाढू लागतो आणि १४ मिलिग्रॅमला तो स्पष्ट दिसतो. म्हणजे पाणी एकच, पण जो जास्त राबतो त्याचा कणा आधी जातो. म्हणूनच थंड देशासाठी केलेली मर्यादा आपण डोळे मिटून घेऊ नये, एक मिलिग्रॅमचीच धरावी. उन्हात पाणी कमी प्यावे असा याचा अर्थ मात्र कोणी काढू नये. उष्माघात एका दुपारीत प्राण घेतो.

मग उपाय काय? पहिली गोष्ट, उकळणे हा नव्हे. उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराईड जसेच्या तसे राहते, उलट पाणी आटल्यामुळे थोडे दाटच होते. ब्लीचिंग पावडर, क्लोरीनचे थेंब, कॅन्डलचे फिल्टर, यांपैकी कशानेही ते जात नाही. तलाव आणि बोरिंग यांत नेमका हाच फरक आहे. तलावाच्या पाण्यातली घाण घरच्या चुलीवर संपते, बोरिंगच्या पाण्यातली संपत नाही. हल्ली गावोगाव वीस लिटरचे थंड पाण्याचे कॅन मिळतात. ते थंड आहे एवढेच खात्रीने सांगता येते. आरओ यंत्रातून काढलेले आहे का आणि त्या यंत्राची जाळी शेवटची कधी बदलली, हे विचारून घ्यावे. चांगल्या स्थितीतले आरओ यंत्र फ्लोराईड काढते, यात शंका नाही, पण वीज लागते, देखभाल लागते आणि बरेच पाणी वाया जाते. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने सत्तरच्या दशकात तुरटी आणि चुन्याची ‘नलगोंडा पद्धत’ काढली. पाण्यात ठराविक प्रमाणात चुना, ब्लीचिंग पावडर आणि तुरटी घालून ढवळायचे, तासभर निवळू द्यायचे, फ्लोराईड गाळाबरोबर खाली बसते आणि वरचे पाणी काढून घ्यायचे. पद्धत स्वस्त आहे, परंतु तुरटीचे प्रमाण त्या त्या पाण्याच्या तपासणीवरून ठरवावे लागते, अंदाजाने टाकून उपयोग नाही.

माझ्या मते आपल्या भागासाठी सर्वांत शहाणपणाचा उपाय डोक्यावर आहे. समुद्राच्या पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ-क्षार सगळे खालीच राहते, म्हणून पावसाच्या पाण्यात फ्लोराईड जवळजवळ नसते. हिशेब करून पाहू. २० चौरस मीटरचे, म्हणजे साधारण दोन खोल्यांचे छप्पर. १२०० मिलिमीटर पाऊस. त्यावर पडणारे पाणी २४,००० लिटर. सांडलवंड, गळती जाऊन १८,००० लिटर हाती येईल. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज २५ लिटर धरले तर कोरड्या आठ महिन्यांना ६,००० लिटर पुरतात. आंघोळ, धुणे, गुरे यांना बोरिंगचे पाणी चालते. अंगावर घेतल्याने फ्लोराईड हाडात जात नाही. म्हणजे एका छपराच्या पावसाचा तिसरा हिस्सा साठवला तरी घर सुटते. अडचण टाकीच्या खर्चाची आहे, ती मला मान्य आहे. सहा हजार लिटरची टाकी मजुराला परवडत नाही, तिथे ग्रामपंचायतीने शाळेचे आणि समाजमंदिराचे छप्पर धरावे. पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी सोडून द्यावे, छप्पर धुऊन निघते. टाकीला झाकण आणि तोंडाला बारीक जाळी हवीच. हिवतापाच्या जिल्ह्यात उघडी टाकी म्हणजे डासांना आवतण. आणि पिण्यापूर्वी हे पाणी उकळावे किंवा क्लोरीन टाकावे.

आहारानेही थोडे अंतर पडते. कॅल्शियम पोटातच फ्लोराईडला धरते, म्हणून दूध-ताक आणि हिरव्या पालेभाज्या. आपल्याकडे पावसाळ्यात बांधावर फुकट उगवणारा तरोटा कॅल्शियमने चांगला संपन्न आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांना २००२ साली असे आढळले की चिंच खाणाऱ्या शाळकरी मुलांच्या लघवीतून फ्लोराईड अधिक बाहेर पडते. आंबट वरण खावे, चांगलेच आहे. पण त्यावर विसंबून तेच पाणी पीत राहू नये. कोरा चहा मात्र कमी करावा, चहाच्या पानात फ्लोराईड बरेच असते. लहान मुलांना टूथपेस्ट हरभऱ्याच्या दाण्याएवढीच द्यावी आणि गिळू देऊ नये.

राहिली तपासणी. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे पाण्यातील क्षारांची तपासणी होते. ग्रामपंचायतीमार्फत नमुना पाठवावा. बाटली प्लास्टिकची घ्यावी, काचेची नको. हातपंप आधी पाच-दहा मिनिटे चालवावा, मग त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळून काठोकाठ भरावी, आणि चिठ्ठीवर गाव, वॉर्ड, पंप कोणाच्या घराजवळ, तारीख हे लिहावे. प्रत्येक पंपाची बाटली वेगळी. उत्तरात नुसते ‘पिण्यास योग्य’ असे आले तर समाधान मानू नका, फ्लोराईड लिटरमागे किती मिलिग्रॅम तो आकडा मागा. जंतूंची तपासणी वेगळी असते आणि तिच्यात हा आकडा नसतो. एक नमुना मे महिन्यात आणि एक दिवाळीच्या सुमारास पाठवावा, कारण पाऊस मुरल्यावर आकडा बदलतो. गावात कमी आकड्याची एखादी विहीर निघाली तर ती झाकून, तिच्यावर पंप बसवून पिण्यासाठी राखावी, आणि बाळंतिणी, आठ वर्षांखालची मुले आणि उन्हात राबणारे मजूर यांच्या घरी तिचे पाणी आधी जावे.